सोयाबीन कमरेला लागले, शेंगा मात्र थोड्या: पिकातली संप्रेरके आणि बाटलीतले संजीवक

सांवेरजवळच्या वडिलोपार्जित शेतात आपण जूनच्या अखेरीस सोयाबीन पेरले, उगवणीची खात्री नव्हती म्हणून एकरी ४५ किलो बियाणे टाकले, महिन्याभराने युरियाचा एक हात दिला आणि आता ऑगस्ट सरत आला असताना पीक कमरेला लागले आहे. परंतु खालच्या पेरांवर शेंगा धरलेल्या नाहीत, फुले गळून ओळींमध्ये सडा पडतो आहे आणि सखल कोपऱ्यातली झाडे पिवळी पडली आहेत, असे आपण कळवले आहे. दुकानातून मिळालेले जिबरेलिनयुक्त (म्हणजे पेरे लांबवणारे संप्रेरक असलेले) ‘टॉनिक’ या अवस्थेत फवारावे काय, आणि मुळात ही संप्रेरके पिकाची वाढ चालवतात म्हणजे नेमके काय करतात, असे आपले दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो: फवारू नका. आपल्या पिकात जिबरेलिनचे काम कमी पडलेले नाही, ते गरजेपेक्षा जास्त झाले आहे, आणि ते तसे का झाले हे समजले की दुसऱ्या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर मिळते.

इंदूर परिसरातील शेतांवर वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचे काम करण्यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा खोडून काढावी लागलेली समजूत अशी, की संजीवक, म्हणजे बाहेरून दिलेले संप्रेरक, हा खताचाच एखादा जालीम प्रकार आहे. खत हे झाडाचे अन्न आहे. त्यातला नत्र किंवा स्फुरद झाडाच्या अंगात जाऊन बसतो आणि त्याचे वजन किलोत मोजता येते. संप्रेरक हा निरोप आहे. तो शेंड्यात, मुळाच्या टोकाशी, कोवळ्या पानात किंवा भरत्या दाण्यात तयार होतो, दुसऱ्या भागात पोहोचतो आणि तिथल्या पेशींना लांब व्हा, विभागा, थांबा किंवा गळून पडा असे सांगतो. हे किती अल्प मात्रेत चालते याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. १९७९ साली अमेरिकेत मधमाश्यांनी गोळा केलेल्या मोहरीवर्गीय पिकाच्या सुमारे २२७ किलो परागातून ब्रासिनोलाइड हे संप्रेरक वेगळे करण्यात आले, तेव्हा हाती आले ते केवळ ४ मिलिग्रॅम. इतक्या सूक्ष्म निरोपावर झाड चालत असेल, तर बाटलीतून त्यात भर घालताना मात्रा, वेळ आणि पिकाची अवस्था या तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी परिणाम उलटा होऊ शकतो, हे ओघानेच आले. ऑक्झिन या संप्रेरकाच्या ज्या मात्रेने खोडाची पेशी लांबते, त्याच मात्रेने मुळाची वाढ खुंटते. निरोप तोच असतो, ऐकणारा वेगळा असतो.

आता आपल्या सोयाबीनच्या उंचीकडे येऊ. जिबरेलिनचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानी शेतकरी ज्याला ‘वेडे रोप’ म्हणत, त्या रोगात रोपे फिकट पडून भराभर उंच होत आणि कोलमडून जात. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने तैवानमध्ये काम करताना दाखवून दिले की हे त्या रोगाच्या बुरशीने बाहेर टाकलेल्या द्रव्यामुळे होते, आणि पुढे १९३५ साली याबुता यांनी त्या द्रव्याला बुरशीच्याच नावावरून जिबरेलिन हे नाव दिले. निरोगी झाडे स्वतःही जिबरेलिन तयार करतात हे नंतर समजले. त्याचे काम कसे चालते हे आता चांगले उलगडले आहे: झाडाच्या पेशीत डेला नावाची प्रथिने लगामासारखी काम करतात, ती वाढ रोखून धरतात, जिबरेलिन आले की ते आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, दोघे मिळून डेलाला गाठतात आणि पेशी त्या डेलाचा नाश करते. लगाम सुटतो आणि पेर लांबते. म्हणजे जिबरेलिन झाडाला नवे बळ देत नाही, ते फक्त अडवून धरलेली वाढ मोकळी करते, आणि त्या लांबलेल्या पेरासाठी लागणारी साखर झाडाला आपल्याच शिलकीतून काढावी लागते. ती शिल्लक एरवी शेंगांकडे गेली असती.

आपल्या शेतात हा लगाम कोणी सोडला? दाट पेरणीने. हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतितांबडा भाग बराचसा सोडून देते. त्यामुळे शेजारची झाडे जवळ आली की रोपावर पडणाऱ्या उजेडात तांबडा कमी आणि अतितांबडा जास्त होतो. झाडातील फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा बदल ओळखते, आणि विशेष म्हणजे प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच ओळखते. त्याबरोबर पानांत ऑक्झिनची निर्मिती वाढते, ते खोडाकडे उतरते, जिबरेलिनचीही पातळी चढते आणि प्रत्येक झाड शेजाऱ्याच्या वर डोके काढण्यासाठी धावू लागते. जंगलात ही धाव जीव वाचवते. शेतात सगळीच झाडे एका वयाची आणि एका जातीची असल्यामुळे कोणीच जिंकत नाही. सगळी उंच होतात, खालची पाने अंधारात राहून गळतात आणि खालच्या पेरांवरच्या फुलांना साखर पुरवणारे कोणी उरत नाही. त्यात यंदा जुलै-ऑगस्टमध्ये सलग ढगाळ हवा राहिली असेल तर ही प्रक्रिया आणखी वेगाने झाली असणार.

हे आपल्याला स्वतः पडताळून पाहता येईल. शेताच्या मधून एक झाड आणि बांधाकडेच्या मोकळ्या ओळीतून एक झाड मुळासकट उपटून शेजारी शेजारी ठेवा. मधल्या झाडाची पेरे बोटभराहून लांब, खोड काडीसारखे बारीक आणि पहिली शेंग जमिनीपासून वीतभर किंवा त्याहून वर लागलेली आढळेल. कडेच्या झाडाची पेरे आखूड, बुंधा जाड, खालपासून दोन-तीन फांद्या आणि फांद्यांवर शेंगा असतील. दोन्ही झाडांचे बी एकाच गोणीतले आहे, खत एकच आहे. फरक केवळ शेजाराने घडवलेल्या निरोपांचा आहे. अशा झाडावर वरून आणखी जिबरेलिन फवारणे म्हणजे जे झाड आधीच धावते आहे त्याला आणखी पळवणे होय. एखादा जोराचा वारा-पाऊस आला की असे पीक आडवे होते.

येथे गव्हाविषयी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्या माळव्याच्या रब्बीचा त्याच्याशी थेट संबंध आहे. जुन्या उंच गव्हाला खत-पाणी वाढवले की तो लोळत असे. जपानच्या नोरिन-१० या बुटक्या गव्हातून आलेली जनुके नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतल्या जातींमध्ये आणली, भारताने १९६६ साली तेथून १८,००० टन बियाणे आयात केले आणि हरितक्रांतीचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ही बुटकेपणाची जनुके म्हणजे नेमके काय, हे १९९९ साली उलगडले: त्यांच्यामुळे डेला प्रथिनाचा जिबरेलिनला प्रतिसाद देणारा भागच बिघडलेला असतो. जिबरेलिन येते, हाक मारते, पण लगाम सुटत नाही. ताट बुटके राहते आणि वाचलेले अन्न ओंबीला मिळते. याचे दोन व्यावहारिक अर्थ आहेत. एक, अशा बुटक्या गव्हावर वाढीसाठी जिबरेलिनचे टॉनिक मारणे हा निव्वळ खर्च आहे. दोन, याच जनुकांमुळे कोंबावरचे संरक्षक आवरणही आखूड राहते, त्यामुळे बुटका गहू पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पेरला तर कोंब वर येताना दमतो आणि उगवण विरळ होते. ओलीच्या शोधात तिफण खोल घालण्याची जी सवय शरबती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंच सी-३०६ मध्ये खपून जात असे, ती बुटक्या जातींमध्ये चालत नाही.

फांद्यांचा प्रश्न ऑक्झिनचा आहे. शेंड्याचे कोवळे टोक ऑक्झिन तयार करते आणि ते खोडातून खाली वाहत राहते. हा प्रवाह चालू असेपर्यंत बगलेतले डोळे झोपून राहतात. मुळांकडून येणारे सायटोकायनिन हे संप्रेरक त्या डोळ्यांना जागे करू पाहते, स्ट्रायगोलॅक्टोन हे आणखी एक संप्रेरक त्यांना दाबून ठेवते, आणि या खेचाखेचीतून फांद्यांची संख्या ठरते. स्ट्रायगोलॅक्टोनचे हे काम २००८ सालीच लक्षात आले, त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकांत ते सापडणार नाही. पण आपल्याकडच्या बायकांना हा व्यवहार पुस्तकाविना माहीत आहे. हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झाला की त्या भाजीसाठी शेंडे खुडतात, आणि खुडलेला हरभरा पसरट होऊन जास्त घाटे धरतो. पाण्याची ओढ असेल किंवा पीक आधीच बसके असेल तर मात्र खुडू नये. महूकडच्या बटाटा उत्पादकांच्या घरी तर हे आणखी स्पष्ट दिसते. बेण्याच्या बटाट्याच्या टोकाकडच्या डोळ्यातून एकच जाडसर कोंब येतो आणि बाकीचे डोळे मिटलेले राहतात. लागवडीपूर्वी काही दिवस तो कोंब अंगठ्याने मोडला की उरलेल्या डोळ्यांतून चार-पाच कोंब एकसारखे फुटतात. त्या अंगठ्याच्या एका हालचालीने ऑक्झिनचा उगम काढून टाकलेला असतो.

फूलगळीबद्दल आपण विशेष काळजीने लिहिले आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. सोयाबीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त फुले काढते आणि चांगल्या पिकातही निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त फुले गळतात; सडा दिसला म्हणून लगेच घाबरू नये. फुलाच्या देठाशी पेशींचा एक पातळ पट्टा असतो. फूल किंवा कोवळी शेंग जोवर ऑक्झिन पाठवत असते, तोवर हा पट्टा इथिलीन या गळ घडवणाऱ्या संप्रेरकाच्या निरोपाला बधिर राहतो. फलन झाले नाही, साखर कमी पडली, पाणी तुंबले किंवा ताण पडला, की ऑक्झिनचा प्रवाह मंदावतो, पट्टा इथिलीनला ऐकू लागतो, तेथील पेशींमध्ये भिंती विरघळवणारी विकरे तयार होतात आणि देठ स्वच्छ सुटतो. गळलेले एक फूल उचलून देठाचे टोक भिंगाखाली पाहिले तर ते तुटलेले नव्हे, कापल्यासारखे गुळगुळीत दिसेल. झाडाने हिशेब करून ते फूल सोडलेले असते.

नॅप्थॅलिन ॲसिटिक आम्ल, ज्याला सगळे एनएए म्हणतात, ते याच ठिकाणी काम करते: बाहेरून ऑक्झिनची उसनवारी करून पट्टा बधिर ठेवते. कापसाची पातेगळ आणि मिरचीची फूलगळ यांसाठी १० ते २० पीपीएम इतक्या मात्रेत त्याचा चांगला उपयोग होतो, आणि मी स्वतः निमाडातल्या कापसावर ते अनेकदा सुचवले आहे. एक पीपीएम म्हणजे लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. बाजारात मिळणारे ४.५ टक्क्यांचे द्रावण असेल तर १० पीपीएमसाठी साडेचार लिटर पाण्याला १ मिलिलिटर पुरते. बाटलीच्या टोपणाने अंदाजे माप घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती येथे घातक आहे, कारण ऑक्झिनची मात्रा बरीच वाढली की झाड स्वतःच इथिलीन तयार करू लागते आणि फुले टिकण्याऐवजी गळतात. आपल्या शेतात मात्र गळ साखरेच्या तुटीमुळे आहे. सावलीतल्या पानांनी न केलेली साखर एनएए निर्माण करू शकत नाही, त्यामुळे तेही येथे सुचवत नाही.

ऑक्झिनच्या अति मात्रेने काय होते ते मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या चुकीतून पाहिले. गव्हातल्या चाकवतासाठी टू-फोर-डी हे तणनाशक आम्ही वापरले होते. ते रासायनिकदृष्ट्या ऑक्झिनचेच भावंड आहे, गहू ते निभावून नेतो आणि रुंद पानांची झाडे त्याने वेडीवाकडी वाढून मरतात. तोच पंप मी साध्या पाण्याने एकदा विसळून पुढच्या आठवड्यात टोमॅटोच्या प्लॉटवर कीटकनाशकासाठी वापरायला दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तेव्हा शेंडे खाली मान घालून पिळलेले होते, नवी पाने रुंद होण्याऐवजी दोऱ्यासारखी अरुंद निघाली होती आणि पानाच्या शिरा पंख्याच्या काड्यांसारख्या एकमेकींना समांतर धावत होत्या. तो प्लॉट एका अल्पभूधारक शेतकऱ्याचा होता आणि त्याचे त्या हंगामाचे उत्पन्न माझ्या निष्काळजीपणाने गेले. ते मी आजवर विसरलेलो नाही. पंपाच्या नळीत आणि वॉशरमध्ये राहिलेला अंश एवढे करू शकतो. तेव्हापासून मी तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवा असेच सांगतो, आणि ते शक्य नसेल तर धुण्याचा सोडा किंवा अमोनियाच्या पाण्यात पंप नळीसह रात्रभर भरून ठेवून मग दोन-तीनदा धुवावा. कापूस तर टू-फोर-डीला इतका हळवा आहे, की शेजारच्या शेतातून वाऱ्यावर आलेल्या तुषारांनीही त्याची पाने बोटांसारखी फाटतात.

सखल कोपऱ्यातल्या पिवळ्या झाडांचे कारण वेगळे आहे, आणि ते इथिलीनचे आहे. इथिलीन हा वायू आहे. १९०१ साली नेल्युबोव या तरुण रशियन संशोधकाने प्रयोगशाळेतल्या दिव्याच्या गॅसमुळे वाटाण्याची रोपे वाकडी वाढतात हे पाहून त्याचा छडा लावला होता. आपल्या काळ्या जमिनीची माती ओल पिऊन फुगते, तिच्या भेगा आणि पोकळ्या बंद होतात आणि पाणी तुंबले की एक-दोन दिवसांतच मुळांभोवतीचा प्राणवायू संपतो. इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी प्राणवायूशिवाय होत नाही, त्यामुळे गुदमरलेल्या मुळात त्याच्या आधीचे द्रव्य साचत जाते, ते पाण्याबरोबर वर चढते आणि हवेशीर पानांत पोहोचल्यावर तेथे त्याचे इथिलीन होते. म्हणून पाणी मुळाशी तुंबते, पण देठ खाली झुकणे आणि जुनी पाने पिवळी पडून गळणे हे वर दिसते. त्याच वेळी हवेतला नत्र झाडाला मिळवून देणाऱ्या मुळांवरच्या गाठींनाही प्राणवायू मिळत नाही आणि नत्राचा पुरवठा थांबतो. हे पिवळेपण पाहून अनेक जण आणखी युरिया टाकतात किंवा ‘हिरवेपणाचे’ टॉनिक मारतात; प्रत्यक्षात तेथे कुदळीने काढलेली एक चर त्या सगळ्यापेक्षा अधिक काम करते. पाणी निघून वाफसा आला की नवी मुळे फुटतात आणि आठवड्याभरात नव्या पानांचा रंग सुधारतो.

याच्या उलट, पाण्याची ओढ बसली की मुळे आणि पाने ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तयार करतात. ते पर्णरंध्रे मिटवून पाणी वाचवते, आणि त्याबरोबर कर्बग्रहणही थांबत असल्याने दाणा भरण्याच्या काळात पंधरा दिवसांचा खंड पडला तर दाणे बारीक राहतात. सप्टेंबरात अशी वेळ आली आणि विहिरीत पाणी असेल, तर एक संरक्षित पाणी नक्की द्या. त्या अवस्थेत दुसरे काही देण्यापेक्षा ते मोलाचे आहे.

युरियाबद्दल थोडे कठोरपणे लिहितो. मुळांना नायट्रेट भरपूर मिळाले की ती सायटोकायनिन अधिक बनवून वर पाठवतात. शेंड्याला पानेच पाने काढण्याचा निरोप मिळतो. दाट पेरणीने आधीच उंच होऊ पाहणाऱ्या पिकाला आपण हा दुसरा धक्का दिला. शिवाय जमिनीत तयार नत्र असला की सोयाबीन गाठी कमी धरते, कारण गाठीत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूला घरात ठेवण्याचा खर्च झाड गरजेशिवाय करत नाही. गाठ तयार होतानाही सायटोकायनिनच लागते: जिवाणूचा इशारा मिळाल्यावर मुळाच्या आतल्या पेशींना विभागायला तेच सांगते. उपटलेल्या झाडाच्या दोन-चार गाठी नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आपल्या इंदूरमध्ये १९२४ साली सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिच्यामागे मुळांचे आणि मातीचे निरीक्षण होते. मूळ हा संप्रेरकांचा मोठा कारखाना आहे हे तेव्हा कळलेले नव्हते, पण मूळ नीट तर झाड नीट, हे त्यांना दिसत होते, आणि सोयाबीनच्या शेतात शेणखत-कंपोस्टची जागा युरियाने घेणे मला पटत नाही.

फुलोरा कधी येतो हे सोयाबीनमध्ये रात्रीची लांबी ठरवते. अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी बिलॉक्सी नावाचे सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरले, तरी ते जवळपास एकाच सुमारास फुलले. त्यावरून त्यांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा नियम मांडला. पान रात्र मोजते आणि एक लहानसे प्रथिन तयार करून ते रसवाहिन्यांमधून शेंड्याकडे धाडते. शेंडा मग पानाऐवजी फूल घडवू लागतो. बायपासलगतच्या शेतांत दिव्याच्या खांबाखालचे सोयाबीन बाकीचे पीक पिवळे पडून वाळले तरी गोलाकार हिरवे राहिलेले आपण पाहिले असेल. त्या झाडांना रात्र झालीच नाही. याचा आपल्याशी संबंध असा, की जात निवडताना तिचा कालावधी आपल्या पेरणीच्या तारखेशी जुळला पाहिजे. ८०-८५ दिवसांत येणारी जेएस ९५-६० ही उंचीला आवरती असते आणि फांद्या कमी काढते, तिला ओळी थोड्या जवळ चालतात. जास्त दिवसांच्या, फांद्या काढणाऱ्या जाती त्याच दाटीत पेरल्या तर आपल्या शेतासारखे होते.

संजीवकांना माझा विरोध नाही. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार बिनबियांच्या द्राक्षात जिबरेलिन वापरतात, कारण एरवी जिबरेलिन पुरवणारे बी त्या मण्यात नसते आणि बाहेरून दिल्याशिवाय मणी फुगत नाही. तेथे निरोप खरोखरच कमी असतो. आंब्याला दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल झाडातली जिबरेलिनची निर्मिती रोखून पालवीऐवजी मोहोर आणते. केळी आणि आंबे पिकवण्यासाठी बंद खोलीत १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे, तर कार्बाइडवर बंदी आहे. या प्रत्येक ठिकाणी कोणता निरोप, कोणत्या भागाला आणि का द्यायचा हे आधी ठरलेले असते.

आपल्या बाटलीकडे याच दृष्टीने पाहा. जिबरेलिन, एनएए यांसारखी संजीवके भारतात १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात, आणि समुद्री शैवाल, ह्यूमिक आम्ल यांसारखी जैव-उत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आणली आहेत. लेबलवर घटकाचे नाव, टक्केवारी, नोंदणी क्रमांक आणि ज्या पिकांसाठी मान्यता आहे त्यांची नावे असली पाहिजेत. ‘फुले वाढवते, शेंगा भरवते, रोग पळवते’ एवढेच छापलेले असेल आणि सोयाबीनचे नाव नसेल, तर पावती दाखवून ती परत करणे योग्य. वाढ रोखणारी द्रव्येही आता सुचवणार नाही. पीक उंच होऊन गेल्यावर ती लांबलेली पेरे आखूड करत नाहीत.

मग या हंगामात करण्यासारखे काय उरते? कोपऱ्यातले पाणी आजच काढा, युरिया पुन्हा देऊ नका, पाने खाणाऱ्या अळ्यांवर नजर ठेवा, कारण वरची पाने हीच आता आपली सगळी कमाई आहे, आणि पीक आडवे होऊ लागले तर त्यात विनाकारण फिरू नका. पुढच्या जूनसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत स्वीकारा, म्हणजे तुंबलेले पाणी सरीतून निघेल, ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि दाण्याच्या आकारानुसार एकरी २५ ते ३० किलोच बियाणे टाका. आपण ४५ किलो टाकले ते उगवणीच्या भीतीने, आणि ती भीती अगदी निराधार नाही. सोयाबीनच्या दाण्याला सुप्तावस्था जवळपास नसते. दाणा भरत असताना ॲब्सिसिक आम्ल त्याला शेंगेतच उगवू देत नाही, पण पक्व होताना त्याची पातळी उतरते, आणि त्यानंतर कापणीवर पाऊस आला तर दाणा उभ्या शेंगेतच कोंब काढतो किंवा फुगून-सुकून कमजोर होतो. म्हणून बियाण्यासाठी बांधाकडेच्या, आखूड पेरांच्या ओळी आत्ताच खूण करून ठेवा, शेंगा ९५ टक्के तपकिरी होताच उघडीप साधून त्या वेगळ्या कापा, मळणीत दाण्याला मार बसू देऊ नका आणि पोती एकावर एक फार रचू नका. मेअखेरीस त्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट ओलसर राहू द्या आणि पाच-सहा दिवसांनी उलगडून मोजा. ७० किंवा त्याहून अधिक दाण्यांना निरोगी मोड आले असतील, तर एकरी ३० किलोच्या वर एक मूठही टाकण्याची गरज नाही.